भावजींचा इंग्रजी बुद्ध

अक्का विहिरीत पडली होती, तिच्या पोटात चौथा महिना होता, आणि भावजी स्वयंपाकघराच्या दारात माझ्यासमोर पाटी धरून उभे होते. पाटीवर इंग्रजीत लिहिलेलं. मी मराठी चौथीपर्यंत शिकलेली बाई; इंग्रजीतलं एक अक्षर मला कळत नव्हतं, आणि ही गोष्ट भावजींना चांगली ठाऊक होती. तोंडाने बोलायचं नाही, कारण त्यांचं आठवड्याचं मौन चाललं होतं. चेहरा पांढराफटक, एका हाताने पाटी हलवतायत, दुसऱ्याने परसाकडे दाखवतायत. मला वाटलं, कॉफी हवी आहे. मी म्हटलं, "थांबा स्वल्प, दूध वर येतंय."

बुद्धामुळे जगात कुणाचं वाईट झाल्याचं मी ऐकलेलं नाही. पण आमच्या भावजींनी तो इंग्रजीतून घेतला, आणि इंग्रजीतून आलेल्या बुद्धाने आमच्या घरात जेवढी उलथापालथ केली तेवढी चार लग्नं एका मांडवात झाली असती तरी झाली नसती.

भावजी म्हणजे माझे थोरले दीर. अक्का त्यांची बायको, माझी जाऊ. ती मला 'धाकटे' म्हणायची. आमचं घर बेंगळुरात, चामराजपेटेत. घराणं म्हणे तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आलं. पुढे घोडी गेली, तलवारी गेल्या, मराठी तेवढी राहिली, आणि तीही कानडीत भिजवून मऊ केलेली. माझा नवरा रेशमाच्या दुकानात कारकून होता आणि त्याला शुक्रवारच्या सिनेमापलीकडे कशाचं वेड नव्हतं. घरात विद्या म्हणून जी काय होती ती सगळी भावजींकडे. ते कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. उंच, सडसडीत, पंच्याची घडी कधी न मोडणारा माणूस. स्वभावाने इतके गरीब की वर्गातल्या मुलांनी गोंधळ केला तर मुलांची माफी मागून बाहेर येत.

दर शनिवारी ते दंडूत जायचे. दंडू म्हणजे छावणी, साहेबांची जुनी वस्ती. तिथल्या एका दुकानात विलायतेहून आणि अमेरिकेहून नवी पुस्तकं येत. त्यांचा वास भावजी आधी घेत, मग वाचत. रविवारी सकाळी स्वयंपाकघरात पाटावर बसून ते आम्हां दोघींना सगळं समजावून सांगत. वर्गातल्या पोरांपेक्षा आम्ही बऱ्या, कारण चुलीपासून उठून जाता येत नव्हतं. म्हणायचे, "तिकडे दोन मोठ्या लढाया झाल्या. माणसं मेली, गावं पडली, देवावरचा विश्वास उडाला. तेव्हा त्यांचे कवी कुणाच्या दाराशी आले? बुद्धाच्या! आजचं नवं इंग्रजी साहित्य उघडा, पानापानांत तो आहे. कुणी त्याच्याकडून दुःख घेतलं, कुणी करुणा घेतली, कुणी नुसतं गप्प बसणं घेतलं. अमेरिकेतली तरुण पोरं तर पाठीला पिशवी लावून डोंगरात जाऊन बसली आणि तिथून कविता लिहायला लागली." अक्का नाचणीच्या उकडीचा गोळा, आमच्याकडचा मुद्दा, वळता वळता विचारायची, "डोंगरात त्यांचा स्वयंपाक कोण करतं?" पुस्तकात ते लिहिलेलं नसायचं.

त्याच वर्षांत नागपूरला लाखो माणसं बुद्धाच्या धर्मात गेली. आमच्याकडे मुंबईहून पोस्टाने एक मराठी साप्ताहिक येई, त्यात आलं होतं. मी अडखळत अडखळत सगळं वाचून दाखवलं. भावजी म्हणाले, "हो का? छान, छान," आणि परत इंग्रजी पुस्तकात डोकं घातलं. मला तेव्हाही वाटलं आणि अजूनही वाटतं, त्या माणसांना बुद्ध जगायला लागत होता, भावजींना वाचायला. आपल्याच मातीतला माणूस, पण तो बोटीत बसून जाऊन आल्याशिवाय भावजींना पटत नव्हता.

नुसतं वाचत राहिले असते तर आमची तक्रार नव्हती. पण ते वाचलेलं करून बघायचे. एका पुस्तकात करुणा वाचली आणि घरातले ढेकूण मारणं बंद झालं. गादीतले ढेकूण ते कागदावर गोळा करायचे आणि कंपाउंडाच्या भिंतीवर नेऊन सोडायचे. भिंतीपलीकडे गौरम्माचं घर. गौरम्मा आमची कानडी शेजारीण, दाराशी गाय बांधलेली, जिभेला मात्र दावं नाही. मास्तरांना ती मेष्ट्रे म्हणायची. भिंतीवरून ओरडायची, "काय मेष्ट्रे, तुमची दया आमच्या खाटेत येऊन चावते की!" उंदरांचीही तीच गत. पिंजऱ्यात सापडलेला उंदीर भावजी पिशवीत घालून बसने दंडूत न्यायचे आणि तिथल्या बागेत सोडून पुस्तकाच्या दुकानात जायचे. माझा नवरा म्हणायचा, "साहेबांकडून बुद्ध घ्यायचा आणि साहेबांना उंदीर द्यायचा. व्यवहार चोख आहे."

मग त्यांनी सावकाश चालणं काढलं. पाऊल उचललं की 'उचललं' असं मनात म्हणायचं, टेकलं की 'टेकलं' म्हणायचं. ओसरीवरून परसात जाईपर्यंत गरम पाणी गार व्हायचं. कॉलेजच्या फाटकातून ते असे आत जाऊ लागले तेव्हा मागे मुलांची रांगच्या रांग तशीच पावलं टाकत यायची. भावजींना वाटलं, विद्यार्थ्यांवर परिणाम होतोय. जेवणाचंही तसंच. एकेक घास डोळे मिटून, त्याच्याकडे लक्ष देऊन चावायचा. अक्का वाढायला उभी राहून राहून कंटाळायची. एकदा म्हणाली, "अहो, भाकरी चावताय की तिच्या माहेरची विचारपूस करताय?" भावजींनी डोळे उघडले नाहीत. "राग येतोय, राग येतोय," एवढं पुटपुटले. राग आला की त्याला नुसतं बघायचं असतं म्हणे. एक कॉफी मात्र त्यांना सोडता आली नाही. कॉफीला पाच मिनिटं उशीर झाला की करुणा, शांती, सगळं भिंतीपलीकडे गौरम्माकडे जायचं.

अशात एक अमेरिकन आला. त्या डोंगरातल्या पोरांपैकीच एक, दाढीवाला, पायांत चपला, पाठीला खरोखरच पिशवी. कविता लिहायचा. दंडूतल्या दुकानदाराने त्याला भावजींचा पत्ता दिला होता. आठ-दहा दिवस तो आमच्या ओसरीवर राहिला. तो इतक्या लांबून आला होता तो भारतातल्या माणसाच्या तोंडून बुद्ध ऐकायला, आणि भावजी त्याला विचारत होते ते त्याच्या पुस्तकातल्या बुद्धाबद्दल. दोन शेजारणी एकाच सकाळी वाटी घेऊन एकमेकींच्या दारात विरजण मागायला याव्यात, तसं चाललं होतं. विरजण कुणाकडेच नव्हतं, पण दोघं खूष होते. जाताना त्याने भावजींना दोन गोष्टी दिल्या. एक कोडं आणि एक बेत.

कोडं असं की, एका हाताच्या टाळीचा आवाज कसा असतो? जपानातले साधू हे चेल्यांना विचारतात, आणि आता अमेरिकेतले लेखक स्वतःला विचारतात. भावजी महिनाभर ते घेऊन बसले. येईल त्याला विचारायचे. अक्काला विचारलं तेव्हा ती विहिरीवरून घागर घेऊन येत होती. म्हणाली, "एका हाताने टाळी वाजत नाही, हे आमच्या गावात गुराख्यालाही ठाऊक असतं. त्यासाठी जपानला कशाला जायचं?" मला विचारलं तेव्हा माझ्या पोळीवर माशी बसली होती. मी एका हाताने पाटावर फटकन मारली. भावजी माशीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हे उत्तर असू शकतं, पण यात हिंसा आहे."

बेत मात्र हसण्यासारखा नव्हता. अमेरिकन इथून सिलोनला गेला. तिथे एका मठात गोरे भिक्षू राहतात, सगळा कारभार इंग्रजीत चालतो, असं त्याने कळवलं. भावजींनी ठरवलं, नोकरी सोडायची, घर सोडायचं आणि तिथे जायचं. बुद्ध घर सोडून गेला, तसंच. तिथे राहून नव्या इंग्रजी साहित्यातल्या बुद्धावर मोठा ग्रंथ लिहायचा. त्याआधी परीक्षा म्हणून दसऱ्याच्या सुट्टीत आठवडाभर मौन पाळायचं. ते निभलं की निघायचं. हे त्यांनी आम्हां सगळ्यांना बसवून सांगितलं. माझा नवरा रागाने उठून गेला. दुसऱ्या दिवशी मौन सुरू झालं, आणि अक्काने माळ्यावरची ट्रंक काढली, पुसली आणि भरायला घेतली. धोतरं, शाल, कॉफीचं फिल्टर. मी बघितलं तर कोपऱ्यात लिंबाच्या लोणच्याची बरणी चिंध्यांत गुंडाळून ठेवलेली.

"संन्याशाला लोणचं?" मी विचारलं.

"तिकडचं जेवण मानवणार आहे होय त्यांना? पोट बिघडलं की कसली शांती!"

तेव्हाच तिने मला सांगितलं की तिला दिवस गेलेत. लग्नाला बारा वर्षं झाली होती, आणि नवसाला थकून तिने देवांची नावं घेणंही सोडलं होतं. मी म्हटलं, "मग आत्ता जाऊन सांग की! ट्रंक कसली भरतेस?"

"मौनात सांगू? पाटीवर काय लिहितील? 'बरं'?"

"मग मौन सुटल्यावर तरी सांगशील ना?"

"राहतो म्हणाले तर सांगेन. जातो म्हणाले तर नाही सांगायची. पोरासाठी अडकून पडलेला नवरा मला नको, धाकटे. जन्मभर डोळे मिटून घास चावत बसेल आणि मनात सिलोन." मग म्हणाली, "त्या गोष्टीत म्हणे बुद्ध गेला तेव्हा बायको झोपलेली होती. मी जागी आहे. जायचं तर माझ्या डोळ्यांसमोरून जाऊ दे."

मी बाईमाणूस, पोटात गोष्ट ठेवायची सवय नाही. पण तिने शपथ घातली म्हणून गप्प बसले. घरात त्या आठवड्यात दोन मौनं चालली होती. भावजींचं पाटीवर, आणि माझं फुकटचं.

आता विहिरीचं. परसात पेरूचं झाड, त्याच्या शेजारी विहीर. पाऊस नुकताच संपलेला, पाणी वरपर्यंत आलेलं. कप्पीचं लाकूड कुजलं होतं. अक्का उन्हाळ्यापासून सांगत होती, "ते लाकूड बदलून घ्या." भावजी म्हणायचे, "सगळंच अनित्य आहे." लाकडाने ते मनावर घेतलं. त्या सकाळी अक्का वाकून घागर ओढत असताना लाकूड मोडलं, आणि लाकूड, दोर, घागर, अक्का, सगळं एकदम खाली गेलं.

भावजी पेरूखाली गवताच्या आसनावर बसले होते. डोळे मिटलेले. त्यांच्या पुस्तकात असं होतं की आवाज आला तर 'आवाज आला' एवढंच म्हणायचं, त्याच्या मागे जायचं नाही. त्यांनी तसंच केलं. हे त्यांनीच मला पुढे सांगितलं, कुणी विचारलं नसताना. मग विहिरीतून "अहो!" असं ऐकू आलं. तेव्हा मात्र ते उठले, काठाशी गेले, आत बघितलं, आणि धावत माझ्याकडे आले, पाटी घेऊन. एरवी घरातल्या पाटीवर ते मराठीत लिहायचे, 'सारूत मीठ कमी', 'कॉफी?' असं. घाबरल्यावर माणसाला आईची भाषा आठवते म्हणतात. यांना इंग्रजी आठवलं.

मी दूध उतरवायला वळले, तशी पाटी फरशीवर आपटून फुटल्याचा आवाज झाला. भावजी परत पळाले होते. आणि मग परसातून अशी हाक आली की गौरम्माची गायसुद्धा हंबरली.

"यमुने!"

क्षणभर मला कळेना, कोण यमुना. आमच्यात नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नाहीत. भावजींनी लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. बारा वर्षं त्या बाईला सगळं जग अक्का म्हणत होतं, आणि ते 'अगं' म्हणत होते.

विहिरीतून उत्तर आलं, "ओरडू नका. दोर बघा."

दोर बघितला असता तर भावजी कसले! त्यांनी उडी मारली. पोहता येत नव्हतं. मी पोचले तेव्हा विहिरीत दोघं होती. अक्का वेदगंगा नदीच्या काठची, लहानपणापासून पाण्यातली. भिंतीत बसवलेलं लोखंडी कडं तिने उजव्या हाताने धरलं होतं, कपाळातून रक्त वाहत होतं, आणि डाव्या हातात भावजींचं मानगूट होतं. ते हातपाय झाडत होते आणि ती दात आवळून त्यांना सांगत होती, "हलू नका! नुसते पडून राहा! एवढे दिवस तेच शिकताय ना?"

लवकर या म्हणून मी भिंतीवरून कानडीत बोंब मारली, "गौरम्मा, बन्नी! बेग बन्नी!" दोर हवा म्हणताच गौरम्माने गाईचं दावं सोडलं, गोठ्यातलं दुसरं त्याला बांधलं आणि आपल्या गवळी नवऱ्याला घेऊन धावत आली. दोर खाली सोडला. भावजी नाकातोंडात पाणी गेलेलं असताना म्हणाले, "आधी तिला." अक्का म्हणाली, "आधी यांना घ्या. माझा हात भरून आलाय." तेव्हा आधी भावजींना ओढून काढलं, मग तिला. तेवढ्या वेळात सुटलेली गाय भावजींचं ध्यानाचं आसन अर्धं खाऊन मोकळी झाली.

अक्काला ओसरीवर निजवलं. पोटावर हात ठेवून ती माझ्याकडे बघत होती. लेडी डॉक्टर येईपर्यंतचा वेळ मी माझ्या वैऱ्यालाही देणार नाही. भावजी ओल्या धोतराने पायाशी बसलेले. डॉक्टरीण आली, तपासलं, बराच वेळ पोट हाताने दाबून बघितलं. मग कानडीत म्हणाली, "मगू चेन्नागिदे." मूल छान आहे.

भावजींनी इकडेतिकडे बघितलं. "कुठलं मूल?"

अक्का म्हणाली, "तुमचं मौन सुटलं का? मग सांगते."

भावजी काही बोलले नाहीत. संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत. ते मौन मात्र खरं होतं. त्याला पाटी लागली नाही. संध्याकाळी माझा नवरा आला, त्याने पाटीचे तुकडे जुळवून वाचले आणि हसता हसता खाली बसला. काय लिहिलंय विचारलं, तर म्हणाला, "'असं दिसतं की माझी पत्नी विहिरीत पडलेली आहे.'" असं दिसतं! पुढे पूर्णविरामसुद्धा दिलेला होता.

दुसऱ्या दिवशी अक्काचा डावा हात सुजून भोपळा झाला होता. उजव्या हातात कॉफीचा पेला धरून ती भावजींना म्हणाली, "तुमच्या जपानी कोड्याचं उत्तर सापडलं. एका हाताने कडं धरलं, तर दुसऱ्या एका हाताने नवरा धरता येतो. टाळी वाजवायला हात मोकळा कुठे आहे?" भावजी उठले, आत गेले. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. लोणच्याची बरणी त्यांनी स्वतः आणून फडताळात ठेवली. सिलोनचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.

बुद्ध मात्र सुटला नाही. दंडू सुटलं नाही, ढेकूणही भिंतीवर जात राहिले. काही वर्षांनी त्या अमेरिकनाचं पुस्तक आलं. भावजींनी हावऱ्यासारखं चाळलं. त्यात भावजींचं नाव कुठे नव्हतं. अक्काच्या कॉफीवर मात्र एक अख्खी कविता होती. भावजी म्हणाले, "यातसुद्धा बुद्ध आहे." अक्का म्हणाली, "कॉफीत चिकोरीची पूड जास्त पडली असेल."

भावजींचा ग्रंथ काही लिहून झाला नाही. पहिलं पान ते दरवर्षी नव्याने लिहायचे. पण त्या दिवसापासून अक्काला ते चारचौघांत नावाने हाक मारायला लागले. पाहुण्यांसमोर, गौरम्मासमोर, देवळात. आधी आम्हांला लाज वाटायची, मग सवय झाली. बाजारातून येताना फाटकातूनच, "यमुने!" आणि आतून, "आले, ओरडू नका." आता त्या घरात कुणी ओरडत नाही. भावजी गेले तेव्हा अक्काला "येतो" म्हणून गेले. अक्का म्हणाली, "मी जागी होते. सांगून गेले." चार वर्षांनी तीही गेली. विहीर बुजवली, तिच्यावर आता मोटारी उभ्या राहतात. माझा नवरा नाही, गौरम्मा नाही. अक्काची मुलगी साठी ओलांडून सर्जापूर रोडला राहते, शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाली, आणि बापासारखीच कॉफीला उशीर झाला की चिडते.

त्या दसऱ्याला विहिरीत पडली ती यमुना, तिच्यामागे उडी मारली ती तिच्या नवऱ्याने, आणि पोटात ही मुलगी होती. तिघंही जिवंत वर आली.